गवंड्याच्या मुलीचा लिअर

जून २०२३ मध्ये ग्लेंडा जॅक्सन वयाच्या ८७ व्या वर्षी गेली, तेव्हा तिच्यावर मृत्युलेख लिहायला बसलेल्यांची जरा पंचाईतच झाली असणार. लिहायचं कुणावर? दोन ऑस्कर मिळवणाऱ्या अभिनेत्रीवर, की तेवीस वर्षं हाउस ऑफ कॉमन्सच्या बाकावर बसलेल्या मजूर पक्षाच्या खासदारबाईवर? आमच्या नाटकवेड्या मित्रमंडळींत मात्र अशी पंचाईत कधीच नव्हती. तिचं नाव निघालं की एक उसासा हमखास ऐकू यायचा, अजूनही येतो. ऐन भरातली बाई, आणि पंचावन्नाव्या वर्षी राजकारणात काय शिरली! तेवीस वर्षं फुकट घालवली! आपल्या खिशातून कुणीतरी पाकीट मारून न्यावं, तसा चेहरा करून माणसं हे बोलतात. मला हा उसासा कधीच पटला नाही. का पटला नाही, ते आज जरा सविस्तर सांगावं म्हणतो.

ग्लेंडाचा जन्म ९ मे १९३६ चा, लिव्हरपूलच्या समोर मर्सी नदीच्या पलीकडल्या काठावरच्या बर्कनहेडमधला. वडील गवंडी. आई कधी दुकानात काउंटरवर उभी राहून, कधी लोकांच्या घरची साफसफाई करून संसाराला हातभार लावणारी. चार बहिणींत ही थोरली. नाव मात्र आईनं हॉलिवूडच्या ग्लेंडा फॅरेल या नटीवरून ठेवलेलं. गरिबाघरच्या आया नाव ठेवताना हात आखडता घेत नाहीत, हे तिथंही खरंच! सोळाव्या वर्षी शाळा संपली आणि पोरगी बूट्स या औषधविक्रीच्या प्रसिद्ध दुकानात नोकरीला लागली. दोन वर्षं तिनं तिथं काम केलं. फावल्या वेळात हौशी मंडळींबरोबर नाटकं. त्यातून कुणीतरी सुचवलं, तिनं अर्ज केला, आणि १९५४ मध्ये लंडनच्या राडा या नावाजलेल्या नाट्यशाळेत तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला.

इथवर गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पुढे तिला टाळ्या मिळायला हव्यात. मिळाल्या नाहीत. नाट्यशाळेच्या प्राचार्यांनी तिला सांगितलं, की तू काही नायिकेच्या साच्यातली नाहीस, चरित्र अभिनेत्री आहेस, चाळिशीपर्यंत तुला फारसं काम मिळेल अशी आशा धरू नकोस. विशीतल्या मुलीला हे ऐकवायचं! पण त्या गृहस्थांचा अंदाज अगदीच चुकला असंही नाही. पुढची सहा-सात वर्षं ती गावोगावच्या रेपर्टरी मंडळ्यांतून मिळेल ते काम करत होती. पडद्यासमोर काम नसेल तेव्हा पडद्यामागे रंगमंच व्यवस्थापन, तेही नसेल तेव्हा हॉटेलात वेट्रेस, नाहीतर दुकानात विक्रेती. चेहरा रेखीव नाही, गालाची हाडं वर आलेली, आवाजाला एक खरखरीत धार. त्या काळच्या इंग्लिश रंगभूमीवर दिवाणखान्यातल्या गोऱ्यागोमट्या, नाजूक नायिकांची चलती होती. त्या दिवाणखान्यात ही बाई शोभली नसती. खरं तर दिवाणखाना बांधणाऱ्याची ही मुलगी.

मग काळ पालटला आणि १९६४ मध्ये पीटर ब्रुकच्या हाती ती लागली. हा तोच ब्रुक, ज्यानं पुढे १९८५ मध्ये आपलं महाभारत फ्रान्समधल्या आविन्यॉंच्या नाट्यमहोत्सवात नऊ तासांच्या नाटकात मांडलं आणि आपल्याकडे त्यावर पुष्कळ वादही झाले. रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी तो 'मारा/साद' बसवत होता. वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण फ्रेंच राज्यक्रांतीतला एक खून नाटक म्हणून करून दाखवतात, असं ते विलक्षण नाटक. ग्लेंडा त्यात एक झोपाळू, भ्रमिष्ट रुग्ण होती, आणि ती रुग्ण मारेकरी शार्लोत कॉर्देची भूमिका करत होती. त्यात चाबकाच्या फटक्यांचा एक प्रवेश आहे. ब्रुकनं चाबूक काढून घेतला आणि तिनं आपल्या लांब केसांनीच ते फटके मारले. नाटक लंडनहून न्यूयॉर्कला गेलं, पुढे त्याचा चित्रपट झाला, आणि हा चेहरा विसरता येण्यासारखा नाही हे सगळ्यांना कळलं.

याच सुमाराला, १९६५ मध्ये, तिनं 'हॅम्लेट'मधली ऑफिलिया केली. ऑफिलिया म्हणजे फुलं वाटत वेडी होणारी, पाण्यात वाहून जाणारी कोवळी पोर. ग्लेंडाची ऑफिलिया अशी वाहून जाणारी नव्हतीच. पेनेलोपी गिलियट नावाच्या समीक्षिकेनं तेव्हा लिहिलं, की थेट हॅम्लेटचीच भूमिका करायला तयार असलेली ही एकमेव ऑफिलिया आपण पाहिली. त्या वेळी हा शेरा चतुर म्हणून गाजला असेल. पन्नास वर्षांनी तो भविष्यवाणीसारखा खरा ठरला.

माझ्या पिढीला ग्लेंडा भेटली ती पडद्यावर. फिल्म सोसायटीच्या अंधाऱ्या सभागृहात, लोखंडी खुर्च्यांवर बसून, प्रोजेक्टरची घरघर ऐकत आम्ही 'विमेन इन लव्ह' पाहिला होता. डी. एच. लॉरेन्सची कादंबरी, केन रसेलचं दिग्दर्शन. तिची गुड्रन पाहून आम्ही अवाक् झालो, कारण ती कुणाला आवडावी म्हणून काही करतच नव्हती. पडद्यावरच्या बायका तोवर प्रेक्षकाकडे पाहून काहीतरी मागायच्या, प्रेम नाहीतर निदान दया. ही काही मागत नव्हती. समोरच्याला जोखत होती. चित्रीकरणाच्या वेळी ती गरोदर होती, हे नंतर वाचलं तेव्हा आश्चर्य आणखी वाढलं. या भूमिकेसाठी १९७१ मध्ये तिला ऑस्कर मिळालं. ते घ्यायला ती गेली नाही.

१९७१ हे साल तिचंच होतं म्हणायला हरकत नाही. बीबीसीवर 'एलिझाबेथ आर' ही सहा भागांची मालिका आली. तरुण, भेदरलेल्या राजकन्येपासून सत्तरीला टेकलेल्या, रंगरंगोटीखाली खंगत चाललेल्या राणीपर्यंतचा सगळा प्रवास तिनं एकटीनं केला. कपाळ मोठं दिसावं म्हणून पुढचे केस टोपाखाली न दडवता तिनं सरळ भादरून घेतले. एकाच नटीला एकाच मालिकेत इतकी वयं पेलायला लावणं हा जुगार होता. शेवटच्या भागात राणी कुणाचंही ऐकत नाही, बसत नाही, निजत नाही, मरणालाही आज्ञा करू पाहते. आजही ते पाहताना अंगावर काटा येतो. त्याच वर्षी 'मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स' या चित्रपटात तिनं पुन्हा एलिझाबेथच केली, आणि 'संडे ब्लडी संडे'मध्ये अर्ध्यामुर्ध्या प्रेमावर दिवस काढणारी एक घटस्फोटित लंडनवासी बाई. राणी आणि ही बाई, दोघींत तिनं एक गोष्ट सारखी ठेवली होती. दोघींनाही आपली फसवणूक चाललेली पक्की ठाऊक असते.

इथं एक गंमत सांगायला हवी. मोरकॅम्ब आणि वाइज ही त्या काळची इंग्लंडातली लाडकी विनोदी जोडी. आपल्या कार्यक्रमात बड्या बड्या नटनट्यांना बोलवायचं आणि धडधडीत चुकीच्या व्याकरणातलं, भिकार नाटक त्यांच्याकडून गंभीरपणे करवून घ्यायचं, हा त्यांचा खेळ. १९७१ मध्ये त्यांनी ग्लेंडाला क्लिओपात्रा केलं. तिनं चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता ती अशुद्ध वाक्यं राजेशाही थाटात फेकली आणि सारा देश खुर्चीतून पडला. ते पाहून मेल्विन फ्रँक या दिग्दर्शकाला वाटलं, या बाईला विनोद जमतो! त्यानं तिला 'अ टच ऑफ क्लास' दिला आणि त्या चित्रपटानं तिला १९७४ मध्ये दुसरं ऑस्कर दिलं. तेही आणायला ती गेली नाही. दोन्ही बाहुल्या तिनं आईकडे ठेवून दिल्या. आईनं त्या पितळी भांडी घासावीत तशा इतक्या घासल्या, इतक्या घासल्या, की वरचा सोनेरी मुलामा जाऊन आतला धातू दिसू लागला. ऑस्करचं सगळं सार यात आलं, असं ग्लेंडा नंतर हसून सांगे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ऑस्करवाल्या दोन्ही भूमिकांपेक्षा मला तिची 'स्टीव्ही' जास्त जवळची वाटते. स्टीव्ही स्मिथ ही लंडनच्या एका उपनगरात म्हाताऱ्या मावशीबरोबर आयुष्य काढलेली कवयित्री. दिवसा कचेरीत सेक्रेटरीचं काम, संध्याकाळी लोकलनं घरी, मावशीच्या हातचं जेवण आणि रात्री कविता. ह्यू व्हाइटमोरनं तिच्यावर नाटक लिहिलं, ते ग्लेंडानं १९७७ मध्ये रंगभूमीवर केलं आणि १९७८ मध्ये पडद्यावर. त्यात घडत काहीच नाही. एक बाई बोलते, मावशी विणकाम करते, चहा होतो. पण अविवाहित, जरा विक्षिप्त, एकटी राहणारी बाई म्हटली की आपण जी कीव करायला सरसावतो, ती कीव ग्लेंडा दारातूनच परत पाठवते. मावशी म्हातारी होत जाते, भाचीच तिचं सगळं करू लागते, आणि दोघींतलं प्रेम एकदाही शब्दांत बोललं जात नाही. सगळं चहाच्या कपातून, कुरकुरीतून, एकमेकींच्या सवयींतून कळतं. घरात एखादी न लग्न झालेली आत्या असलेल्या प्रत्येकानं ती पाहावी.

हे सगळं करत असताना ही बाई स्वतःच्या कामाबद्दल कशी बोलत होती, ते फार महत्त्वाचं आहे. तिच्या लेखी अभिनय हे काम होतं. कठीण काम, भीती घालणारं काम, वेळेवर येऊन, पाठांतर करून, घाम गाळून करायचं काम. त्याभोवती धूप-उदबत्ती तिनं कधी फिरवली नाही. आपल्याकडे नट 'कलेची सेवा' करतो. रंगदेवतेला अभिवादन करतो, शेवटचा श्वास रंगमंचावर जावा अशी इच्छा बोलून दाखवतो. यात खोटं काही नाही, आणि आपल्या संगीत नाटकाची पुण्याई या भक्तीवरच उभी आहे हेही मला मान्य आहे. पण याच भक्तीमुळे आपण नटाला देवळात कोंडतो आणि तो बाहेर पडू लागला की त्याला पाखंडी ठरवतो. डॉ. श्रीराम लागूंनी आपल्या आत्मचरित्राला 'लमाण' हे नाव दिलं, ते मला म्हणूनच फार आवडलं. लमाण म्हणजे इकडचा माल तिकडे पोचवणारा. नटानं स्वतःकडे असं पाहावं, याला धाडस लागतं. आणि गंमत बघा. लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. १९६९ मध्ये ते वैद्यकी सोडून पूर्ण वेळ रंगभूमीवर आले. तेव्हा एक उत्तम सर्जन फुकट गेला, असा उसासा कुणी टाकल्याचं मी तरी ऐकलं नाही. दवाखान्यातून नाटकात आलेला माणूस आपल्याला त्यागी वाटतो आणि नाटकातून संसदेत गेलेली बाई वाया गेलेली!

बरं, ती गेली तरी का? पहिलं कारण तिनं कधीच लपवलं नाही. मार्गारेट थॅचरबाईंच्या हुजूर पक्षाचं राज्य घालवण्यासाठी कायद्यात बसेल ते काहीही करायला आपण तयार होतो, असं ती म्हणे. (प्रत्यक्षात ती निवडून आली तेव्हा थॅचर पायउतार होऊन दीड वर्ष झालं होतं. आणि १९९२ च्या त्या निवडणुकीत राज्य पुन्हा हुजूर पक्षाचंच आलं! पण हॅम्पस्टेड आणि हायगेटची जागा मात्र तिनं त्यांच्याकडून खेचून आणली.)

दुसऱ्या कारणाची चर्चा कमी होते, आणि मला तेच जास्त बोलकं वाटतं. बाईचं वय वाढलं की नाटककारांचं तिच्यातलं लक्ष उडतं, ही तक्रार तिनं जन्मभर केली. समकालीन नाटकांत बायका असतात, पण नाटक पुढे ओढणारं इंजिन क्वचितच बाई असते, असं तिचं म्हणणं. आता, कामं तिला मिळत नव्हती असं नाही. 'हाउस ऑफ बर्नार्दा आल्बा' तिनं १९८६ मध्ये केलं, १९९० मध्ये ब्रेख्तची मदर करेज केली. पण नीट पाहा. लोर्काही जाऊन पन्नास वर्षं झालेली, ब्रेख्तही कधीचा गेलेला. पन्नाशीतल्या बाईला उभं राहायला जागा हवी तर ती गेलेल्या लेखकांच्या घरी. आणि पडद्यावर? १९८९ मध्ये केन रसेलनं 'द रेनबो' काढला, त्यात ती गुड्रनच्या आईच्या भूमिकेत आहे. वीस वर्षांपूर्वी ज्या मुलीसाठी ऑस्कर मिळालं, तिचीच आई! ही भूमिका तिनं छान केली, पण त्यात सिनेमाच्या धंद्याचा सगळा हिशेब उघडा पडतो. तिच्या वयाचे नट तेव्हा निम्म्या वयाच्या नायिकांशी पडद्यावर प्रेम करत होते. म्हणून मला म्हणायचंय, की तेवीस वर्षांचा हिशेब मागायचा असेल तर तो तिच्याकडे न मागता नाटक-सिनेमाच्या धंद्याकडे मागावा.

राजकारणात ती फार मोठी झाली का? नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण तिच्या भाबड्या चाहत्यांना तिथंही तिला सम्राज्ञी करायचं असतं. १९९७ मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं तेव्हा ती वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री झाली, दोन वर्षांत बाहेर पडली. लंडनच्या महापौरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली, ती मिळाली नाही. पुढे टोनी ब्लेअर यांच्याशी बिनसलं. २००३ च्या इराक युद्धाला तिनं कडाडून विरोध केला आणि मागच्या बाकावरची भांडखोर बाई म्हणून उरली. २०१० मध्ये ती अवघ्या ४२ मतांनी निवडून आली. बाकी वेळ ती करत होती ते काम अगदी बिनरंगाचं होतं. कुणाच्या घराचं भाडं, कुणाची पेन्शन, कुणाचा इस्पितळातला खाटेचा प्रश्न. रंगभूमीची आठवण येत नाही का, असं विचारलं की ती झटकून टाकी. हाउस ऑफ कॉमन्समध्येही नाटकच चालतं, फक्त तालमी कमी, प्रकाशयोजना वाईट आणि आवाज नीट पोचत नाही, असं तिचं म्हणणं!

तिथलं तिचं एकच भाषण जगभर गाजलं. एप्रिल २०१३ मध्ये थॅचर वारल्या आणि कॉमन्समध्ये श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हा शिष्टाचार तिथंही आहे. ग्लेंडा उभी राहिली आणि थॅचरकाळात आपल्या देशात काय झालं ते सांगू लागली. दुकानांच्या ओसऱ्यांत संसार मांडून झोपणारी माणसं, चिकटपट्ट्यांनी जोडलेली शाळेची पुस्तकं. लोभ, स्वार्थ, दुबळ्याची बेपर्वाई हे दुर्गुण म्हणून आपल्याला शिकवले होते, ते या राजवटीत सद्गुण ठरले, असं ती म्हणाली. समोरून आरडाओरडा झाला, एका सदस्यानं हरकत घेतली. सभापतींनी तिच्या बोलण्यात नियमबाह्य काही नाही असा निर्वाळा दिला. भाषणाच्या शेवटी ती म्हणाली, की देशाची पहिली स्त्रीलिंगी पंतप्रधान हे मान्य, पण माझ्या व्याख्येत ती बाई बसत नाही. हे शेवटचं वाक्य मला खटकतं. कोण बाई आणि कोण नाही हे ठरवण्याचा हक्क बायकांनी पुरुषांना दिला नाही, तसाच तो एकमेकींनाही देऊ नये. पण त्याआधी तिनं युद्धकाळातल्या बायकांची आठवण काढली होती. बॉम्ब पडत असताना घरं आणि कारखाने चालवणाऱ्या, नवरा परत येईल की नाही ठाऊक नसलेल्या बायका. तिथं मात्र बर्कनहेडची ती मुलगी बोलत होती. तिची बाईपणाची व्याख्या त्या बायकांवरून घेतलेली होती.

२०१५ मध्ये, ७९ व्या वर्षी, तिनं खासदारकी सोडली. आता बाई घरी बसणार, आठवणी लिहिणार, असं वाटावं. तिनं त्याच वर्षी रेडिओवर एमिल झोलाच्या कथांमधली १०४ वर्षांची म्हातारी केली. आणि २०१६ च्या नोव्हेंबरात, रंगभूमीवर पंचवीस वर्षांनी पाऊल टाकलं ते थेट ओल्ड व्हिकमध्ये, 'किंग लिअर'च्या भूमिकेत. वय वर्षं ८०.

लिअर आपल्याला परका नाही. विंदा करंदीकरांनी तो मराठीत आणला. आणि मुलांत सगळं वाटून टाकून बेघर होणाऱ्या, वादळात उभ्या राहिलेल्या बापाची सावली शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधल्या अप्पासाहेबांवर आहे, हे तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. आपले पहिले अप्पासाहेब लागू, १९७० मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. म्हणजे म्हातारपण तिथं अभिनयानं उभं करायचं होतं. ग्लेंडाला म्हातारपण उभं करायची गरज नव्हती. उभं करायचा होता तो पुरुष.

आणि तो तिनं उभा केलाच नाही, हीच त्या लिअरची मेख होती. दाढीमिशा नाहीत, आवाज मुद्दाम घोगरा केलेला नाही. डेबोरा वॉर्नरच्या त्या प्रयोगात पांढरं, उघडंबोडकं नेपथ्य आणि आजच्या काळातले कपडे होते. आखूड केसांची, काटकुळी, अणकुचीदार आकृती आली आणि राज्याची वाटणी करू लागली. थोड्याच वेळात ती बाई आहे की पुरुष हा प्रश्न मनातून निघून जातो, असं ज्यांनी तो पाहिला त्या समीक्षकांनी लिहिलं आहे. हे कसं साधलं, याचं तिनं स्वतः दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. खासदार म्हणून मतदारसंघातल्या वृद्धाश्रमांना आणि दिवसभराच्या केंद्रांना तिच्या नेहमी भेटी होत. तिथं तिच्या लक्षात आलं, की माणसं फार म्हातारी होतात तेव्हा स्त्री आणि पुरुष यांच्यातल्या भिंतींना तडे जातात, रेषा धूसर होतात. म्हातारे बाईसारखे हळवे होतात, म्हाताऱ्या पुरुषासारख्या तडकतात, आणि दोघांच्या संतापात एकच असहायता असते. ज्यांच्या घरात नव्वदीचं माणूस आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आता सांगा, ही तेवीस वर्षं फुकट कशी? ती नाट्यगृहातच राहिली असती तर त्या आश्रमांच्या व्हरांड्यांतून इतक्या वेळा फिरली असती का?

आणखी एक धागा आहे. ग्लेंडाला या भूमिकेची उमेद दिली ती नुरिया एस्पर्ट या स्पॅनिश अभिनेत्रीनं. बार्सिलोनात एस्पर्टनं लिअर केला, तो पाहून ग्लेंडानं ठरवलं. ही एस्पर्ट म्हणजे १९८६ मध्ये 'बर्नार्दा आल्बा' बसवणारी दिग्दर्शिकाच. तीस वर्षांपूर्वीच्या तालमीतली मैत्री, दोघींनी ऐंशी गाठली आणि दोघींनी राजाचा मुकुट घातला. बायकांसाठी त्या वयाच्या भूमिका कुणी लिहीत नाही ना, मग पुरुषांच्या घेऊ!

पुढचं भराभर सांगतो. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला एडवर्ड आल्बीच्या 'थ्री टॉल विमेन'साठी तिला टोनी पारितोषिक मिळालं, ८२ व्या वर्षी. २०१९ मध्ये तिथंच पुन्हा लिअर केला, वेगळ्या दिग्दर्शकाबरोबर. तो काही जमला नाही, ठरल्या मुदतीआधी बंद पडला. त्याच वर्षाच्या शेवटी बीबीसीवर 'एलिझाबेथ इज मिसिंग' आला. स्मरणशक्ती विरत चाललेली मॉड नावाची आजी, तिची हरवलेली मैत्रीण आणि खिसे भरून चिठ्ठ्या. आपल्याकडे आजी-आजोबांचं विसरणं हा चेष्टेचा किंवा अश्रूंचा विषय. ग्लेंडाच्या मॉडला विसरण्याचा भयंकर राग येतो. समोरचे आपल्याला समजून घेतल्याचं नाटक करताहेत हे तिला कळतं, आणि ती त्यांना ते माफ करत नाही. त्यासाठी तिला बाफ्टा पारितोषिक मिळालं. मुलाखतींत ती त्याही वयात तेच सांगत होती, की बायकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या भूमिकांत म्हणावा तसा फरक पडलेला नाही. दोन-तीन म्हाताऱ्यांना चांगली कामं मिळाली म्हणून बदल झाला असं समजू नका, हा तिचा सूर होता, आणि तो मला फार प्रामाणिक वाटतो. यशस्वी माणसाला आपल्या यशावरून जग सुधारल्याचा भास सहज होतो. तिला झाला नाही.

शेवटचा चित्रपट 'द ग्रेट एस्केपर', मायकल केनबरोबर. १९७५ मध्ये दोघांनी 'द रोमँटिक इंग्लिशवुमन'मध्ये नवरा-बायकोचं काम केलं होतं, ते इथं पुन्हा नवरा-बायको. घडलेली गोष्ट आहे. २०१४ मध्ये बर्नार्ड जॉर्डन हे नव्वदीजवळचे माजी नौसैनिक नॉर्मंडीच्या लढाईच्या सत्तराव्या स्मृतिदिनाला जाण्यासाठी इंग्लंडमधल्या वृद्धाश्रमातून कुणाला न सांगता सटकले आणि बोटीनं फ्रान्सला पोचले. ग्लेंडा त्यांची बायको रीनी. ती आश्रमातच राहते. नवरा कुठं गेलाय ते तिला ठाऊक असतं, तिनंच त्याला जा म्हटलेलं असतं, आणि इकडे ती आश्रमातल्या मुलींना थापा मारत त्याला वेळ मिळवून देते. केनच्या वाट्याला समुद्र आहे, कबरी आहेत, युद्धाच्या आठवणी आहेत. तिच्या वाट्याला एक खोली, एक खुर्ची आणि खिडकी. चित्रपट ऑक्टोबर २०२३ मध्ये लागला, तेव्हा तिला जाऊन चार महिने झाले होते. केननं त्यानंतर निवृत्ती जाहीर केली. मी तो दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा तो समुद्रापलीकडे गेला की मी मनात म्हणत होतो, आता परत त्या खोलीत चला.